दुसऱ्या डेंग्यूची वही

नऊ दिवस माझ्या उशाशी एक छोटी वही होती. डाव्या पानावर ताप, प्यायलेलं पाणी, झालेली लघवी. उजव्या पानावर रक्ताचे आकडे. आज ती समोर ठेवूनच लिहितेय. आजारात मला सर्वांत जास्त त्रास झाला तो न कळण्याचा. आज शरीरात काय चाललंय, उद्या काय होणार, आकडा पडला म्हणजे घाबरायचं की थांबायचं, काहीच उमगत नव्हतं. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी पलंगाशी उभं राहून जे समजावलं आणि नंतर अशक्तपणाच्या दिवसांत मी जे वाचलं, ते तारखांसकट इथे मांडतेय.

९ सप्टेंबर, दुपारी चार. ही वेळ ठामपणे सांगता येते, कारण ताईनं ती लगेच लिहून ठेवली. चारला थंडी वाजायला लागली, पाचला ताप १०३. सातच्या सुमारास डोळ्यांमागे असं ठणकायला लागलं की नुसती नजर फिरवली तरी कळ यायची. पाठ, मांड्या, गुडघे, हाड न् हाड दुखत होतं. ‘ताप कधी सुरू झाला?’ हा प्रश्न पुढे मला इतक्या जणांनी विचारला की मोजदाद राहिली नाही. डेंग्यूत प्रत्येक तपासणीचा अर्थ तापाच्या दिवसावर ठरतो. ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आठवणीवर सोडू नका.

मला वाटत होतं, आजार आज सुरू झाला. खरं तर डास चावून तोवर ४ ते १० दिवस झालेले असणार. एडिस डासाच्या लाळेबरोबर विषाणू कातडीत उतरतो आणि तिथे पहाऱ्यावर असलेल्या डेंड्रायटिक पेशींत शिरतो. परकं काही दिसलं की ते उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत न्यायचं आणि तिथल्या लढाऊ पेशींना दाखवायचं, हे या पेशींचं काम. डेंग्यूचा विषाणू याच पेशींना वाहन करतो. वर्दी द्यायला निघालेला पहारेकरी चोराला पाठुंगळी घेऊनच गावात शिरतो. पुढे मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींत विषाणूच्या प्रती निघत राहतात. पेशीच्या आत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, ओळखणारी यंत्रणा असते. ती जागी झाली की इंटरफेरॉन नावाचा रासायनिक सांगावा सुटतो आणि शेजारच्या पेशी दारं लावून घ्यायला लागतात. ताप, अंगदुखी, गळून जाणं हे बरंचसं या सांगाव्यांचंच काम. विषाणूही स्वस्थ बसत नाही. त्याचं एनएस५ हे प्रथिन आपल्या पेशीतलं स्टॅट२ नष्ट करतं. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोचवणारं प्रथिन तेच. म्हणजे घंटा वाजते, पण घरात ऐकू जात नाही.

त्या रात्री मी आयबुप्रोफेनची गोळी घेणारच होते. ताईनं हातातून काढून घेतली. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन नाही, ॲस्पिरिन नाही; दोन्हींमुळे प्लेटलेटच्या कामात अडथळा येतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही मोजून. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि डेंग्यूत यकृताला आधीच सूज असते म्हणून माझ्या डॉक्टरांनी त्याहून बरंच कमी सांगितलं. गोळीची वेळही वहीत लिहायची. तापाच्या ग्लानीत मागची गोळी कधी घेतली हे खरोखर आठवत नाही.

११ सप्टेंबर, तापाचा तिसरा दिवस. दवाखान्यात दीड तास थांबल्यावर डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंग्यूची कार्ड तपासणी लिहून दिली. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘तापाचा कितवा दिवस’ असा रकाना होता. खिडकीवरच्या मुलानं तो कोरा सोडला. मी त्याला तिथे ३ लिहायला लावलं. कार्डाचा निकाल ४० मिनिटांत आला: एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह.

पहिल्या दोन ओळी वाचून जिवात जीव आला. एनएस१ म्हणजे विषाणूनं रक्तात सोडलेलं प्रथिन, ते पहिल्या दिवसापासून सापडू शकतं. ते नाही म्हणजे डेंग्यू नाही, असा माझा हिशेब. डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“तुम्हाला आधी कधी डेंग्यू झाला होता?”

“नाही.”

“कधी चार-पाच दिवस जोराचा ताप? अंगावर पुरळ?”

ताई म्हणाली, “आठ वर्षांपूर्वी नाही का गं, आपण दोघी एकदमच पडलो होतो?”

मी ते पार विसरले होते. आठवडाभराचा ताप, ‘व्हायरल आहे’ म्हणून सोडून दिलेला. डॉक्टरांनी मान हलवली आणि त्याच नमुन्यावर एनएस१ची एलायझा तपासणी करायला सांगितली. एलायझाला कार्डापेक्षा पैसे जास्त पडतात आणि निकालाला एक दिवस लागतो, पण ती अधिक बारकाईनं पकडते. दुसऱ्यांदा डेंग्यू होतो तेव्हा रक्तात जुने प्रतिपिंड (अँटीबॉडी; आयजीएम, आयजीजी हे त्यांचेच प्रकार) असतातच. ते एनएस१ला चिकटून बसतात आणि कार्डावरची रेघ उमटत नाही. १२ तारखेला दुपारी निकाल आला: पॉझिटिव्ह. कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून मी घरी जाऊन निजले असते, तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. लक्षणं डेंग्यूची असतील तर एका निगेटिव्ह कार्डावर विसंबू नका.

आयजीजीची रेघ इतक्या लवकर का आली, हे मला त्या संध्याकाळी कळलं. पहिल्यांदा डेंग्यू होतो तेव्हा शरीराकडे नमुना नसतो. आयजीएम प्रतिपिंड चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात, दोनेक आठवड्यांत शिखर गाठतात. आयजीजी मागाहून सावकाश येतात. दुसऱ्यांदा मात्र स्मृतिपेशी तयारच बसलेल्या असतात. त्या काही दिवसांत आयजीजीचा पूर आणतात, आणि आयजीएम कमी राहतात, कधी दिसतही नाहीत. माझी आयजीएमची रेघ सहाव्या दिवशी आली, तीही फिकट.

मग मी विचारलेला प्रश्न कुणालाही पडेल असा होता: जुने प्रतिपिंड हाताशी असतील तर ते चांगलंच नाही का? बहुतेक आजारांत चांगलंच. डेंग्यूत तिथेच गोम आहे, आणि या आजारातलं मला सर्वांत चटका लावून गेलेलं ज्ञान हेच.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध संरक्षण दीर्घकाळ, बहुधा जन्मभर टिकतं. उरलेल्या तिघांपासूनही काही काळ संरक्षण मिळतं, पण ते ओसरतं. प्रतिपिंड ओसरत एका मधल्या पातळीवर येतात, तेव्हा ते दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात खरे, पण त्याला निकामी करण्याइतके घट्ट किंवा पुरेसे नसतात. प्रतिपिंडाला विषाणू धरायला दोन हात आणि मागे एक दांडी असते. मोनोसाइट, मॅक्रोफेज या पेशींच्या अंगावर ती दांडी पकडणारे आकडे असतात. पकडलेला शत्रू ओढून आत घ्यायचा आणि पचवायचा, अशी ती सोय. अर्धवट बांधलेला जिवंत विषाणू याच सोयीनं आत जातो. आणि या पेशी म्हणजे त्याचं आवडतं घर. इतकंच नाही, या वाटेनं आत गेला की पेशीची इंटरफेरॉनची घंटाही मंद वाजते, असं प्रयोगांत दिसलं आहे. विषाणूची काही पिल्लं अपुरी घडलेली असतात, ती एरवी पेशीत शिरू शकत नाहीत. त्यांच्या अंगावरच्या प्रीएम प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड त्यांनाही दार उघडून देतात.

ही गोष्ट एका दिवसात कुणाला सुचलेली नाही. प्रतिपिंडांमुळे या कुळातल्या विषाणूंची वाढ चढू शकते, हे ऑस्ट्रेलियातल्या रॉयल हॉक्स यांनी १९६४ साली प्रयोगशाळेत दाखवलं. स्कॉट हॉल्स्टेड यांनी बँकॉकमधल्या आजारी मुलांवरून दुसऱ्या संसर्गाचा धोका पुढे आणला. त्यात एक कोडं होतं: जेमतेम सहा-नऊ महिन्यांची बाळं पहिल्याच संसर्गात गंभीर आजारी का पडतात? उत्तर आईच्या प्रतिपिंडांत होतं. आईकडून वारेतून मिळालेले प्रतिपिंड तोवर ओसरत त्याच धोक्याच्या पातळीवर आलेले असतात. क्यूबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची; दुसऱ्या साथीत १५८ माणसं गेली. १९९७ मध्ये सँतियागो दे क्यूबात दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा गंभीर आजारी पडलेले जवळजवळ सगळे प्रौढ होते. वीस वर्षांपूर्वीची पहिली साथ अंगावर काढलेले. निकाराग्वातल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला, तोही हाच: प्रतिपिंड अजिबात नसणं किंवा भरपूर असणं यापेक्षा मधली पातळी सर्वांत घातक.

डॉक्टरांनी लगेच दुसरी बाजूही सांगितली, आणि तीही इथे लिहायलाच हवी. दुसरा डेंग्यू झालेल्यांतले बहुसंख्य लोक गंभीर होत नाहीत. “घाबरायचं नाही, पण मोजायचं सोडायचं नाही,” हे त्यांचे शब्द. मी आणि ताईनं ते धरून ठेवले.

वहीतले आकडे असे. ११ तारखेला प्लेटलेट १,४८,०००, पांढऱ्या पेशी ३,४००, हिमॅटोक्रिट ३७. १२ तारखेला प्लेटलेट १,०६,०००, पांढऱ्या पेशी २,३००, हिमॅटोक्रिट ३८. आल्यागेल्या सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटवर. डॉक्टर मात्र हिमॅटोक्रिटखाली पेन्सिलीनं रेघ मारायचे. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते हा आकडा सांगतो. रक्तातलं पाणी बाहेर झिरपलं की उरलेलं रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के चढ म्हणजे झिरपणं नक्की. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतला एक सीबीसी हातात असणं फार मोलाचं आहे; तो नसेल तर चढ कशाच्या तुलनेत मोजणार?

१३ सप्टेंबर, पाचवा दिवस. सकाळी सहाला जाग आली ती घामानं. ताप ९८.६. पाच दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांमागचा ठणका गेला होता. मी ताईला हाक मारून म्हटलं, “संपलं गं.” ऑफिसला दोन दिवसांत येते असा निरोपही पाठवला.

याच दिवसापासून पुढचे २४ ते ४८ तास डेंग्यूत सर्वांत धोक्याचे असतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरतो त्या वेळी. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, फार सुस्ती किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. तो कागद ताईनं दारावर चिकटवला होता. दुपारी दीडला माझ्या पोटात उजवीकडे, फासळ्यांखाली दुखायला लागलं. तीनपर्यंत तीन उलट्या. मी म्हणत होते, रिकाम्या पोटाचं असेल, ताप तर नाही. ताई दाराकडे बोट दाखवून म्हणाली, “वाच.” साडेतीनला आम्ही निघालो.

आपत्कालीन विभागात खाटेसाठी पाच तास काढले. त्या पाच तासांत काय काय लागलं ते सांगते: ओळखपत्राची प्रत, विम्याचं कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमानं, औषधांची यादी, नातेवाइकाच्या सह्या चार फॉर्मांवर. विम्याच्या पूर्वमंजुरीसाठी एनएस१चा रिपोर्ट मूळ मागितला. आमच्याकडे फोनवर फोटो होता, पण त्यांना प्रयोगशाळेचा शिक्का हवा होता. नमुना क्रमांक सांगितल्यावर प्रयोगशाळेनं दुसरी प्रत काढून दिली. तो क्रमांक कुठेतरी लिहून ठेवा. सलाइन मात्र कागदांसाठी थांबलं नाही, ते खुर्चीवर बसल्या बसल्याच सुरू झालं.

संध्याकाळी प्लेटलेट ६४,०००, हिमॅटोक्रिट ४२. १४ तारखेला सकाळी प्लेटलेट ३१,०००, हिमॅटोक्रिट ४६. म्हणजे ३७ वरून २४ टक्के चढ. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड दिसली आणि उजव्या फुप्फुसाच्या बाजूला थोडं पाणी.

मी रडले. ताप नाही, विषाणू कमी होत चाललाय असं डॉक्टर म्हणतात, मग हे काय चाललंय? फेरीला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “आता विषाणूपेक्षा तुमचीच सेना जास्त धुमाकूळ घालतेय.” त्यांनी जे सांगितलं ते असं. रक्तातला विषाणू ताप उतरेपर्यंत झपाट्यानं घटतो. पण याच सुमारास प्रतिपिंड बनवणाऱ्या प्लाझ्माब्लास्ट पेशींची फौज शिखरावर येते, सहाव्या-सातव्या दिवशी. विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशीही उठलेल्या असतात, आणि दुसऱ्या संसर्गात त्यांतल्या पुष्कळशा जुन्या प्रकाराच्या आठवणीतल्या असतात. नव्या विषाणूवर त्यांची पकड ढिली. मारण्यात कमी पडतात, पण सायटोकाइन नावाचे दाहक संदेश मात्र भरमसाट सोडतात. त्या संदेशांनी रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींमधले सांधे सैल होतात. शिवाय एनएस१ स्वतः रक्तवाहिनीच्या आतलं साखरेचं नाजूक अस्तर खरवडतं. २०१५-१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून हे पुढे आलं. दोन्ही मिळून भिंत पाझरायला लागते, आणि रक्तातलं पाणी व प्रथिनं पोटात, छातीच्या पोकळीत उतरतात.

भिंत फुटत नाही, फक्त २४ ते ४८ तास सैल होते आणि आपोआप पुन्हा आवळते. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. तोवर रक्ताभिसरण टिकवून धरायचं, एवढंच उपचारांचं काम. विषाणू मारणारं औषध डेंग्यूवर मला कुणी दिलं नाही, कारण तसं मान्यताप्राप्त औषध नाही. माझं सलाइन वजनाच्या हिशेबानं चाललं होतं: सुरुवातीला किलोमागे तासाला ५ ते ७ मिलिलिटर, मग ३ ते ५, मग २ ते ३. दर बदलायचा तो हिमॅटोक्रिट, नाडी, लघवी बघून. नर्सताई दर तासाला रक्तदाब घ्यायच्या आणि वरचा-खालचा आकडा एकमेकांच्या जवळ येतोय का ते पाहायच्या. दोहोंतलं अंतर २० पर्यंत आलं तर तो शॉकचा, म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याचा इशारा. माझं सर्वांत कमी झालं ते २६, दुपारी दोनला, १०२ वर ७६. त्या तासात ताईनं माझा हात सोडला नाही.

प्लेटलेटवरून बाहेर वेगळीच धावपळ चालू होती. १५ तारखेला सकाळी आकडा १८,००० झाला. नातेवाइकांनी रक्तपेढीचे फोन नंबर जमवले, दोघंजण दाते म्हणून तयारही झाले. मला रक्त चढवण्याच्या संमतिपत्रावर माझी सही दाखल होतानाच घेतलेली होती. पण वरिष्ठ डॉक्टरांनी प्लेटलेट चढवायला नकार दिला. ताई त्यांच्याशी बराच वाद घालत होती, मला आतून ऐकू येत होतं. त्यांनी शांतपणे समजावलं: विषाणूमुळे अस्थिमज्जेतलं उत्पादन मंदावलंय आणि शरीराचे स्वतःचे प्रतिपिंड रक्तातल्या प्लेटलेटनाही चिकटून त्या संपवतायत. बाहेरून घातलेल्याही तशाच संपतील. सिंगापूर आणि मलेशियात २०,००० किंवा त्याखाली गेलेल्या प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आहेत: नुसता आकडा कमी म्हणून प्लेटलेट दिल्यानं रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास वाढले. रक्तस्राव सुरू झाला तर देऊ, असं ते म्हणाले. माझ्या हातांवर बारीक लाल ठिपके होते, बाकी कुठून रक्त नव्हतं. ताई गप्प झाली, पण रात्रभर माझ्या हिरड्या टॉर्चनं बघत होती.

आणि त्याच दिवशी, प्लेटलेट सर्वांत खाली असताना, हिमॅटोक्रिट ४६ वरून ४३ वर आला. डॉक्टर खूश, मला कळेना, का. प्लेटलेटचा आकडा मागे रेंगाळतो, भिंत आवळल्याची खबर हिमॅटोक्रिट आधी देतो.

१६ तारखेला हिमॅटोक्रिट ३९, प्लेटलेट ३४,०००. पायांवर लालभडक पुरळ उठलं आणि मध्ये मध्ये पांढरे गोल ठिपके राहिले. तळहात-तळपाय असे खाजत होते की झोप नाही. हे बरं होण्याचं लक्षण, असं नर्सताईंनी सांगितलं. सलाइन बंद केलं तेव्हा मी घाबरून विचारलं, अजून थोडं का नाही? कारण झिरपलेलं पाणी आता रक्तात परत येत असतं. त्यावर आणखी सलाइन चढवलं तर ते फुप्फुसांत साठू शकतं. ज्या सलाइननं काल वाचवलं तेच आज बुडवू शकतं. म्हणून ‘जरा ताकद येईल’ म्हणून जास्तीची बाटली मागू नका.

१७ तारखेला प्लेटलेट ७१,०००, ताप नसून चार दिवस, लघवी भरपूर. घरी सोडलं. विम्याची अंतिम मंजुरी यायला सहा तास लागले, ते मी खुर्चीत पेंगत काढले. एकूण १४ वेळा रक्त काढलं होतं. दोन्ही कोपरांची चाळण झाली होती.

घरी सगळं लगेच सुरळीत होत नाही. दोन आठवडे जिना चढताना मध्ये बसावं लागायचं. ऑफिसला निरोप पाठवलेली ‘दोन दिवसांत’ची तारीख प्रत्यक्षात ६ ऑक्टोबर झाली. डिसेंबरात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि पुन्हा येतात, हे आधी माहीत असतं तर मी इतकी घाबरले नसते.

कागदांचा मोठा घोळ पुढेच होता. ४ ऑक्टोबरला विमा कंपनीचं पत्र आलं. रुग्णालयात मंजूर झालेली रक्कम सोडून आधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं यांचा दावा मी वेगळा केला होता, तो अडकला. कारण लिहिलं होतं: ‘आयजीजी पॉझिटिव्ह असल्याने आजार पॉलिसीपूर्वीचा असल्याचे दिसते, खुलासा करावा.’ ज्या रेघेनं मला वेळेवर सावध केलं, तीच माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून समोर आली. मी दोनदा फोन केले, दोन्ही वेळा वेगळं उत्तर. शेवटी माझ्या डॉक्टरांनी लेटरहेडवर तीन वाक्यं लिहून दिली: आयजीजी हे पूर्वीच्या संसर्गाच्या स्मृतीचं चिन्ह आहे, एनएस१ पॉझिटिव्ह असल्याने सध्याचा संसर्ग नवा व तीव्र आहे, डेंग्यू विषाणू शरीरात वर्षानुवर्षं राहत नाही. आठ वर्षांपूर्वीचे कागदही कंपनीनं मागितले. जुन्या दवाखान्याच्या नोंदविभागात अर्ज, ओळखपत्राची प्रत, मग बारा दिवस वाट. हाती आली ती नोंदवहीतली एक ओळ: ‘ताप, पुरळ, व्हायरल.’ तीच जोडली. २१ नोव्हेंबरला दावा मंजूर झाला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगते, डिस्चार्ज कार्डवरच ‘नवा तीव्र संसर्ग, एनएस१ पॉझिटिव्ह’ असं लिहून घ्या. त्या दिवशी डॉक्टर समोर असतात, एका मिनिटाचं काम असतं.

जानेवारीत मी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं, आता मला तिसरा झाला तर? तिसरा-चौथा संसर्ग सहसा सौम्य जातो, असं त्यांनी सांगितलं. दोन वेगवेगळ्या प्रकारांशी लढलेल्या शरीराचे प्रतिपिंड अधिक व्यापक झालेले असतात. मला झालेले दोन प्रकार कोणते, हे मात्र कळणार नाही, नमुन्याची तशी तपासणी झालीच नव्हती.

मग ताईबद्दल विचारलं. आठ वर्षांपूर्वी ती माझ्याच शेजारच्या खाटेवर तापानं फणफणत होती. तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत माझ्या रक्तात विषाणू होता, मला चावलेला डास तिला चावू शकला असता. त्या दिवसांत मी दिवसाही मच्छरदाणीत असायला हवं होतं. ते आमच्या ध्यानातच आलं नाही. दोघींनीही तिच्यासाठी आयजीजीची तपासणी करायचं ठरवलं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं की झिकाच्या संसर्गामुळे किंवा यलो फीव्हर, जॅपनीज एन्सेफलायटीसच्या लशीमुळेही ही तपासणी फसवू शकते. ताईनं यातली कुठलीही लस घेतलेली नव्हती.

निकाल तीन दिवसांनी आला. पॉझिटिव्ह.

ताईनं कागद वाचला, घडी घातली आणि माझी वही मागून घेतली. शेवटचं पान उलटं धरून तिनं तिथून स्वतःचं नाव लिहिलं, खाली निकालाची तारीख, त्याखाली तिचा निरोगी असतानाचा हिमॅटोक्रिट, ४०. माझ्या दारावरचा इशाऱ्यांचा कागद तिनं काढला आणि त्याची एक प्रत करून आणली. एक माझ्या दारावर, एक तिच्या.